सुटल्यावर गोल

कुडचड्याला घरामागच्या शेडमध्ये
चिऱ्यांच्या जमिनीवर चार बोल्टांनी उभा आहे
माझा लेथ.
म्हणजे खाणीचा. म्हणजे म्हाळू गावकराचा.
खाण बंद पडली तेव्हा कंपनीने
थकलेल्या पगारात तो वळता केला, भंगाराच्या भावाने.
मी कारकून. तीस वर्षं टन लिहिले.
आता बासष्टाव्या वर्षी
मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो
आणि तोही चुकतो.

गिअरच्या झाकणाच्या आतून
म्हाळूचं अक्षर, शिसपेन्सिलीचं:
चावी हातात, नाहीतर खिळ्यावर.
तिसरी जागा नाही.
एकदाच मी ती चकात विसरलो.
पत्रा फोडून रुजारच्या केळीत गेली.
तेव्हापासून खिळा रिकामा दिसला
की स्विचला हात लावत नाही.

टूलची उंची बघायची तर
टोक आणि गज यांच्यामध्ये
पोलादी पट्टी हलकेच धरायची.
ताठ राहिली, बरोबर.
माथा माझ्याकडे कलला, टूल खाली आहे.
पलीकडे कलला, टूल वर,
मग ते कापत नाही, नुसतं घासत बसतं
आमच्या हेडक्लार्कासारखं.

रुजारने गेल्या आयतारी बापाचा कॉर्नेट आणला.
एक कडं तडकलेलं. पितळेचं,
अंगठीहून जरा रुंद,
भिंत जेमतेम एक मिलिमीटर.
मी नवं धरलं तीन जबड्यांत.
निसटू नये म्हणून आवळलं,
मग भीतीपोटी आणखी पाव फेरी.
आतून कापलं. पितळेला तेल लागत नाही,
कीस मोहरीसारखा उडत राहिला.
डायलचा काटा ढिम्म.
चकात होतं तोवर
त्याच्याइतकं गोल जगात काही नव्हतं.

चावी उलटी फिरवली
आणि कड्याने अंग सोडलं.
जिथे जिथे जबड्यांनी दाबलं होतं
नेमकं तिथे बाहेर आलं.
चार शतांश. डोळ्याला दिसत नाही.
नळीवर चढवलं की कळतं.

अशी तीन घालवली.
मग झाकणाच्या कोपऱ्यात, ग्रीसखाली,
पुसट: पातळ कामाला चीर दिलेला बुश.
ॲल्युमिनियमचा केला, रॉकेलचे दोन थेंब टाकत.
कडं आत अलगद बसेल एवढंच भोक,
करवतीने एका बाजूला उभी चीर.
आता जबडे बुशला दाबतात,
बुश कड्याला सगळीकडून धरतो.
शेवटच्या कटाआधी चावी केसभर मागे.
काम हलणार नाही इतकंच, त्यापुढे नाही.

शहाण्णव साली
मी म्हाळूचा एक ओव्हरटाइम खोडला होता.
दोन तास. फोरमनची सही नव्हती.
आता चार जबड्यांच्या चकाशी मी स्वतः उभा राहतो:
एक सैल, समोरचा घट्ट, हाताने फिरव, काटा बघ,
परत एक सैल.
बार्जचा शाफ्ट मध्यावर आणायला
दोन तास म्हणजे काहीच नाहीत.
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं
माणूस नुसता उभा आहे.
मी बाहेरून बघत होतो.
ऑफिसची खिडकी थेट वर्कशॉपवर उघडायची.

आज रुजारने कडं डाग देऊन बसवलं,
शेडमध्येच फुंकून बघितलं.
सूर निघाला नाही, त्याला बापासारखं येत नाही.
पण गळत नाही, म्हणाला,
आणि केळीचा अर्धा घड ठेवून गेला.

म्हाळू सावर्ड्याला मुलाकडे असतो, कोणी सांगितलं.
बिघडलेली तिन्ही कडी मी डब्यात ठेवलीत.
कधीतरी घेऊन जाईन दाखवायला.
बरोबर झालेलं होतं ते
रुजारकडे गेलं.